रेघ सोडून बाकी सगळं

लाकडाच्या ठशातून कागदावर काळी रेघ उमटवायची असेल तर ती रेघ कोरून चालत नाही. कोरलेला भाग खोल जातो, त्याला शाई लागत नाही आणि कागदावर ती जागा कोरी राहते. कचेरीतल्या रबरी शिक्क्याचं तंत्र हेच आहे. अक्षरं वर असतात, बाकीचं रबर खाली गेलेलं असतं. तेव्हा एकच रेघ हवी असली तरी तिच्या डावीकडचं आणि उजवीकडचं सगळं लाकूड पटाशीने काढून टाकावं लागतं. जे दाखवायचं त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही; मेहनत करायची ती जे दिसणार नाही त्याच्यावर.

झरीना हाश्मी यांचं ‘डिव्हायडिंग लाइन’ हे २००१ सालचं वुडकट अशाच मेहनतीतून झालेलं आहे. त्यात डोंगर नाही, शहर नाही, एकही नाव नाही. वरच्या अंगाने वळणं घेत खाली उतरत जाणारी एक जाड काळी रेघ, एवढंच चित्र. भारत-पाकिस्तानची सीमा ओळखायला आपल्याला शीर्षकाचीही गरज लागत नाही, शाळेतल्या नकाशांनी ती डोळ्यांत बसवलेली आहे. पण चित्राजवळ गेलं की रेघेइतकंच लक्ष दुसरीकडे जातं. पटाशी जिथून जिथून फिरली तिथे लाकडाचे बारीक कंगोरे उरले, त्यांना ओझरती शाई लागली, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके, ओरखडे, तुटक फटकारे पसरले. सफाईच्या मागे लागलेल्या छापकाराने हे कंगोरे तासून टाकले असते. झरीना यांनी ते ठेवले. त्या ठिपक्यांना माणसं म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, मलाही झाला. पण तो आवरलेला बरा. ते लाकूडच आहे. काढताना पुरतं न निघालेलं लाकूड.

ही सीमा आखणारे ब्रिटिश वकील सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. त्याआधी त्यांनी हा देश पाहिलेला नव्हता. पाच आठवड्यांत त्यांनी रेघ आखली आणि १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर, ती जाहीर झाली. कागदावर सीमा आखणं हे असं झटपट होणारं काम आहे. जमिनीवर मात्र तीच सीमा उभी राहते ती दोन्ही बाजूंची वस्ती उपसली गेल्यावर. सव्वा ते दीड कोटी माणसं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेली, तेव्हा कुठे ती रेघ ‘दिसू’ लागली. चित्रकाराने ब्रशने एक काळा फराटा मारला असता तर त्याने रॅडक्लिफ यांचीच कृती पुन्हा केली असती. वुडकटमध्ये ते जमतच नाही. तिथे रेघ हवी असेल तर आधी दोन्ही देश रिकामे करावे लागतात.

पुढच्या पानांवर जी छापचित्रं आहेत ती याच अंगाने पाहावीत, असं मला सुचवायचं आहे. घरदार सुटलेल्या माणसांविषयी ही चित्रं बोलतात, पण त्यांत माणसं जवळजवळ नाहीत. आहेत ते घरांचे आराखडे, नद्यांची वळणं, सीमारेषा, काही शब्द आणि बराचसा कोरा कागद. ‘मिनिमलिझम’ हा शब्द त्यांना चिकटलेला आहे. तो चुकीचा नाही, पण त्याने एक गैरसमज होतो: की इथे भावना कमी केल्या आहेत, किंवा दुःखाला इस्त्री करून टांगलं आहे. माझं म्हणणं उलट आहे. या चित्रांमधली काटकसर ही चवीची बाब नाही. काढून टाकणं हेच या माध्यमाचं मूळ काम आहे, आणि काढून टाकलं जाणं हाच या चित्रांचा विषय आहे.

झरीना यांचा जन्म १९३७ सालचा, अलीगढचा. वडील शेख अब्दुर रशीद अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. फाळणी झाली तेव्हा झरीना दहा वर्षांच्या होत्या. १९५८ साली त्यांनी त्याच विद्यापीठातून गणितात पदवी घेतली, त्याच सुमाराला परराष्ट्र सेवेतल्या साद हाश्मी यांच्याशी लग्न झालं आणि फिरती सुरू झाली. बँकॉकमध्ये लाकडी ठशांची ओळख झाली. पॅरिसमध्ये एस. डब्ल्यू. हेटर यांच्या ‘आतेलिए १७’ या जगप्रसिद्ध छापशाळेत त्या शिकल्या. नंतर दिल्ली, बॉन, टोकियो, लॉस एंजेलिस आणि १९७६ पासून न्यूयॉर्क. मधल्या काळात, पन्नासचं दशक संपता संपता, आईवडील अलीगढ सोडून कराचीला गेले.

म्हणून त्यांना सरसकट ‘निर्वासित’ म्हणताना जरा थांबायला हवं. मुत्सद्द्याच्या पत्नीच्या हातात पासपोर्ट असतो, सामान जहाजाने मागून येतं, नव्या शहरात राहायची सोय झालेली असते. तंबूत राहणाऱ्याची आणि तिची गोष्ट एक नाही, आणि ती एक आहे असा दावा झरीना यांची चित्रं करतही नाहीत. त्यांच्या बाबतीत घडलं ते वेगळं: त्या परदेशी असताना घरच उठून दुसऱ्या देशात गेलं. परतायला गाव होतं, घर नव्हतं. लेक परदेशातून माहेरी यायची ती पाकिस्तानचा व्हिसा काढून. या प्रकारच्या विस्थापनाला छावणी नसते, शिधापत्रिका नसते, सरकारदरबारी त्याची मोजदाद नसते. ते कागदावर उतरतं ते एखाद्या आराखड्यासारखं, कारण आठवणीत उरतो तो आराखडाच: अंगण कुठे होतं, त्यातून कोणत्या खोलीत जायचं, दार कोणत्या दिशेला उघडायचं.

असे आराखडे त्यांनी नव्वदच्या दशकात केले, आणि ते करताना माध्यम वेगळं वापरलं. ‘फादर्स हाउस १८९८–१९९४’ हे एचिंग आहे. अलीगढच्या घराचा वरून पाहिलेला नकाशा, जागोजागी उर्दूत लिहिलेली नावं. १९९७ सालच्या ‘होम्स आय मेड / अ लाइफ इन नाइन लाइन्स’ या नऊ एचिंगच्या संचात बँकॉकपासून न्यूयॉर्कपर्यंत स्वतः मांडलेल्या घरांचे आराखडे आहेत. एचिंगमध्ये गणित वुडकटच्या उलट असतं. धातूच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यावर सुईने ओढलेली रेघ आम्लात खात खात खोल जाते, आणि छापताना शाई त्या खोलगटात भरते. वरचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करतात. दमट कागद दाबाखाली त्या चरीत शिरतो आणि तिथली शाई उचलून आणतो. घराच्या भिंती अशा आत खाल्लेल्या रेघांतून आल्या, आणि सीमा आली ती लाकडावर उरलेल्या वरंब्यातून. झरीना यांनी हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, कारण घरं त्यांनी वुडकटमध्येही भरपूर केली आहेत. तरी ही दोन चित्रं शेजारी ठेवली की हा फरक नजरेआड करता येत नाही.

छापचित्रच का, रंगचित्र का नाही, हा प्रश्न इथे निघतो. त्याचं एक उत्तर अगदी व्यवहारी आहे. कागद हलका असतो. तो गुंडाळता येतो, पेटीत सपाट ठेवता येतो, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्याला तो सोबत नेता येतो. ठसे जड असतात, पण ते एका शहरात सोडून छाप घेऊन निघता येतं. शिवाय छापचित्र एकटं नसतं. एका ठशाच्या वीस-पंचवीस प्रती काढतात, त्या वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या देशांत जातात. एक प्रत हरवली, जळाली, अडकून पडली तरी काम संपत नाही. घर ज्यांनी एकदा पूर्णपणे गमावलं आहे त्यांना ‘एकमेव’ वस्तूवर भरवसा ठेवणं जड जात असावं. ‘आतेलिए १७’ मधली मंडळी तेव्हा एकाच पत्र्यावरून अनेक रंग एकदम छापण्याच्या प्रयोगांसाठी ओळखली जात. आपले कृष्णा रेड्डी त्या प्रयोगांत आघाडीवर होते. त्या शाळेतून शिकून बाहेर पडलेली ही बाई दिल्लीत परतल्यावर रंग बाजूला सारते, टाकाऊ लाकडाचे तुकडे गोळा करते आणि त्यांच्या नुसत्या रेषा-गाठी छापते. तिथून काळ्याकडे जायला फार अंतर नव्हतं. याच दिल्लीच्या मुक्कामात त्या ग्लायडर चालवायलाही शिकल्या. वरून पाहिलेली जमीन त्यांच्या चित्रांत आली ती नुसती नकाशांच्या पुस्तकातून नव्हे.

या पुस्तकातला सर्वांत मोठा संच १९९९ सालचा आहे, ‘होम इज अ फॉरेन प्लेस’. छत्तीस वुडकट, पंचवीस प्रती. न्यूयॉर्कमधली राहती जागा जाते की राहते अशा विवंचनेच्या दिवसांत त्यांनी शब्दांची एक यादी केली. घर, उंबरठा, दार, अंगण, भिंत, छप्पर, पंखा, दुपार, लू, पाऊस, धूळ, तारे, रस्ता, दिशा, अंतर, देश, सीमा, निराशा, अशा अर्थांचे उर्दू शब्द. ते शब्द पाकिस्तानातल्या सुलेखनकाराकडे पाठवून नस्तालिक शैलीत लिहून घेतले, आणि मग एकेका शब्दाला एकेक चित्र कोरलं. क्रम लक्षात घ्या: आधी शब्द, मग चित्र. प्रत्येक छाप तळहाताहून थोडी मोठी, साधारण आठ इंच बाय सहा इंच. पातळ जपानी कोझो कागदावर काढलेली आणि मग जाड पांढऱ्या कागदावर चिकटवलेली. चित्राच्या पायाशी तो शब्द.

घर या शब्दाला अलीगढच्या घराचा आराखडा आहे. पुढे पुढे आकार कमी होत जातात. काही पानांवर दोन-चार आडव्या रेघा, कुठे एखादं वर्तुळ, कुठे जवळजवळ पूर्ण काळा चौकोन आणि त्यात थोडंसं उजेडाला उघडलेलं. उत्तर हिंदुस्थानातला उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला दुपारचं चित्र पाहून दारं-खिडक्या लावून घेतलेली खोली आठवेल. ज्याने काढला नाही त्याला ते नुसतं भूमितीचं चित्र वाटेल, आणि तेही चालेल. उर्दू वाचता न येणाऱ्या प्रेक्षकांसमोर, न्यूयॉर्कच्या भिंतींवर हा संच वर्षानुवर्षं लागला आहे. तिथे शब्द हासुद्धा आकारच होऊन बसतो. आपल्या घरातल्या भाषेचं असं चित्र होऊन जाणं झरीना यांना चांगलं ठाऊक होतं. अलीगढमध्येही उर्दू वाचणारे त्यांच्या डोळ्यांदेखत कमी होत गेले होते. तरी त्यांनी भाषांतर खाली छापलं नाही. मला हा हट्ट आवडतो. अनोळखी माणसाला त्यांनी अंगणापर्यंत येऊ दिलं आहे, स्वयंपाकघरापर्यंत नाही.

छत्तीस पानं एकामागून एक पाहताना एक गोष्ट जाणवते. सुरुवातीचे शब्द घरातले आहेत, मग आभाळ-हवामानाचे, मग रस्ता, सीमा, देश असे बाहेरचे. माणूस घरातून कसा बाहेर पडतो त्याचाच हा क्रम आहे, पण कुठेही पळापळ नाही, ट्रक नाही, गाठोडी नाहीत. फाळणीची छायाचित्रं पाहून आपल्याला सवय झाली आहे ती गाडीच्या टपांची, बैलगाड्यांच्या रांगांची. ती चित्रं खोटी नाहीत. पण त्यांत माणूस नेहमी वाटेवरच असतो. तो कुठून निघाला ते दिसत नाही. झरीना यांच्या संचात निघाल्याची जागा आहे आणि निघणारा गायब आहे.

त्यानंतर २००४ सालचा ‘लेटर्स फ्रॉम होम’. झरीना यांची बहीण रानी कराचीत स्थायिक झाली होती. तिने वेळोवेळी धाकट्या बहिणीला उर्दूत पत्रं लिहिली, आणि पोस्टात टाकली नाहीत. त्यात आईवडिलांच्या मृत्यूची बातमी होती, घर विकल्याची होती, एकटेपण होतं. अशा बातम्या दूरदेशी एकट्या असलेल्या बहिणीला कळवायच्या कशा, म्हणून ती पत्रं ठेवून दिली गेली. पुष्कळ वर्षांनी ती झरीना यांच्या हाती आली. त्यांनी पत्रांच्या हस्ताक्षराचे धातूचे ठसे करवून घेतले आणि त्याच्यावर लाकडाच्या ठशाने घराचा आराखडा, नकाशा किंवा काळा आकार छापला. ओळी पुरत्या वाचता येत नाहीत. काळ्या आकाराखाली त्या दबतात, कडेने बाहेर येतात. खाजगी पत्र जगापुढे मांडायचं आणि वाचूही द्यायचं नाही, हे दोन्ही त्या एका दाबात साधतात. मला विचाराल तर या पुस्तकातली सर्वांत चांगली चित्रं हीच. ‘डिव्हायडिंग लाइन’ प्रसिद्ध आहे, ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ मोठं आहे, पण इथे रेघेला माणसाच्या हाताचं वळण आहे आणि तो हात चित्रकाराचा नाही.

स्वतःच्या घरातून त्या दुसऱ्यांच्या घरांकडे गेल्या हे सांगितलं पाहिजे, नाहीतर हा सगळा व्यवहार एका घराण्याच्या आठवणींचा आहे असं वाटेल. २००३ सालच्या नऊ वुडकटांच्या संचात ग्रोझनी, सारायेव्हो, स्रेब्रेनित्सा, बैरुत, जेनिन, बगदाद, काबूल, अहमदाबाद आणि न्यूयॉर्क ही शहरं आहेत. उद्ध्वस्त झालेली, वेढली गेलेली, बॉम्बफेक झालेली. शहराचा नकाशा, नदीची रेघ, वस्तीचा पट्टा, बाजूला उर्दूत नाव. या यादीत अहमदाबाद असणं भारतीय प्रेक्षकाला खुपतं आणि खुपावंच. २००२ साली तिथे शाहआलम दर्ग्याच्या आवारात जी छावणी उभी राहिली तिच्यातली माणसं सीमा ओलांडून आलेली नव्हती. ती त्याच शहरातली होती. आपल्या मोहल्ल्यातून काही मैलांवर जाऊन ती निर्वासित झाली.

न्यूयॉर्कच्या पानावर नकाशा नाही. काळ्या चौकोनात दोन उभ्या पांढऱ्या पट्ट्या, बस. आता तंत्राकडे पुन्हा पाहा. काळं म्हणजे लाकूड जागच्या जागी आहे. पांढरं म्हणजे पटाशीने काढलेलं. ‘डिव्हायडिंग लाइन’मध्ये जे उरलं ते दिसत होतं. इथे जे काढलं गेलं तेच दिसतं. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे चित्रात आहेत ते नसलेपणाने. एवढ्या थोड्या साधनांत बाजू पालटता येते, ती या माध्यमाचा ज्याने वर्षानुवर्षं विचार केला आहे त्यालाच.

मराठी वाचकाला फाळणी सहसा दोन वाटांनी भेटते. एक, उर्दू-पंजाबी-हिंदी कथांच्या अनुवादांतून. दोन, उल्हासनगर, चेंबूर, पिंपरी इथल्या सिंधी वस्त्यांतून. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं हे आपल्या अंगणातलंच. चित्रकलेतून फाळणी आपल्याकडे फारशी आलेली नाही. आली ती दुष्काळ-युद्धांच्या चित्रांसोबत, बंगालमधून. चित्तप्रसाद यांचे लिनोकट आपल्याकडच्या जुन्या डाव्या कार्यकर्त्यांना माहीत असतात. १९४३ च्या दुष्काळावरची त्यांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका ब्रिटिशांनी जप्त करून जाळली. नंतरची बरीच वर्षं ते मुंबईत, अंधेरीला राहिले. त्यांच्या ठशांत चेहरे आहेत, खोल गेलेले डोळे आहेत, फासळ्या आहेत. ते चित्र आपल्याला गाठतं, पाहायला लावतं, काही करायला सांगतं. पत्रकाच्या आणि भित्तिचित्राच्या परंपरेतली ती ताकद आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. तिच्या तुलनेत झरीना यांची चित्रं थंड वाटतात, असं कोणी म्हटलं तर मी लगेच खोडून काढणार नाही. पण चेहऱ्यांचं एक होतं: ते दिसले की कणव येते, आणि कणव आली की पाहणारा सुरक्षित अंतरावर जाऊन उभा राहतो. आराखड्याची कणव येत नाही. आराखडा पाहताना आपण नकळत आपल्या घराचा आठवतो.

चित्तप्रसाद यांच्यापासून निघून जवळजवळ शून्याशी पोचलेला एक माणूस आहे, सोमनाथ होर. जन्म १९२१, चितगाव जिल्हा. पुढे तो जिल्हा पूर्व पाकिस्तानात आणि मग बांगलादेशात गेला. तरुणपणी त्यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या नियतकालिकासाठी दुष्काळ रेखाटला, तेभागा या शेतकरी आंदोलनाची रोजनिशी लिहिली, भुकेलेल्या माणसांचे ठसे कोरले. पन्नाशीच्या वयात, शांतिनिकेतनात, १९७१ च्या सुमाराला त्यांनी ‘वुंड्स’ ही मालिका सुरू केली. तिच्यात शाईच नाही. मातीच्या सपाट थरावर सुरी, सळई, आगीचा चटका अशांनी जखमा करायच्या, त्याचा सिमेंटमध्ये साचा घ्यायचा आणि त्या साच्यात कागदाचा ओला लगदा दाबायचा. वाळल्यावर निघतो तो पांढरा कागद, त्यावर पांढरे चिरे, खड्डे, सुजलेले उंचवटे. एखाद्या ठिकाणी किंचित लाल. हे कागदावर छापलेलं चित्र नाही, कागदच जखमी झाला आहे. बांगलादेश युद्धात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, व्हिएतनाम अजून पेटलेलं होतं. या सगळ्यांची नावं होर यांना चित्रात घ्यावीशी वाटली नाहीत. माणसांच्या गर्दीपासून सुरुवात केलेल्या चित्रकाराने तीस वर्षांनी माणसं काढून टाकली आणि तरी विषय सोडला नाही, याकडे मी लक्ष वेधतो.

आता मिनिमलिझमविषयी थोडं. झरीना न्यूयॉर्कला पोचल्या तेव्हा तिथे या पंथाचं राज्य होतं, आणि त्या पंथाला आठवणीचं वावडं होतं. चौकोन म्हणजे चौकोन, त्यापलीकडे काही शोधू नका, असा बाणा. झरीना यांनी तिथली शिस्त घेतली, बाणा घेतला नाही. १९८० साली ए.आय.आर. गॅलरीत त्यांनी ॲना मेंदिएता आणि काझुको मियामोतो यांच्यासोबत अमेरिकेतल्या ‘तिसऱ्या जगाच्या’ स्त्री कलाकारांचं ‘डायलेक्टिक्स ऑफ आयसोलेशन’ हे प्रदर्शन मांडलं. मेंदिएता यांना बाराव्या वर्षी क्युबाहून आईवडिलांविना अमेरिकेत धाडलेलं होतं. मियामोतो यांनी सोल लविट यांच्यासारख्या मिनिमलिस्टांच्या अग्रणीकडे हाताखाली काम केलेलं होतं. तिघींच्या वाटा वेगळ्या. पण गोऱ्या स्त्रीवादाने आणि गोऱ्या मिनिमलिझमने ज्यांना दारात उभं केलं होतं त्या तिथे एकत्र आल्या, हे झरीना यांच्या कोऱ्या कागदाकडे पाहताना ध्यानात असावं.

आणि नसरीन मोहमदी. त्याच वर्षी, १९३७ साली, कराचीत जन्मलेल्या; कुटुंब १९४४ साली मुंबईला आलं. कराचीची मुलगी मुंबईकर झाली आणि अलीगढच्या मुलीचं माहेर कराचीला गेलं. दोघी मैत्रिणी होत्या, दोघींनी आयुष्यभर रेघा ओढल्या. नसरीन यांचं अखेरचं वास्तव्य अलिबागजवळच्या किहीमला होतं, १९९० साली त्या तिथेच गेल्या. त्यांच्या शाई-पेन्सिलीच्या रेघांना मात्र कुठलाही पत्ता नाही. तिथे क्षितिज असेल, वारा असेल, सीमा नाही. दोघींना एकाच पिशवीत घालणारे लेख बरेच आहेत, म्हणून मी ही जोडी इथे मोडून ठेवतो.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. अशी चित्रं दिवाणखान्यात फार शोभून दिसतात. काळा-पांढरा रंग, हातकागदाचा पोत, भरपूर मोकळी जागा. ज्यांच्या घरातून कधी कोणी निघालं नाही त्यांच्या भिंतीवर ती चांगल्या किमतीला लागतात. अखेरच्या काळातल्या झरीना यांच्या कामात सोन्याचा वर्ख आला, आणि तिथे हा धोका मला जास्त जाणवतो. सूफी उजेडाची ती कल्पना समजते. पण तासून उरवलेल्या लाकडात जे अवघड होतं ते वर्खात सोपं झालं आहे. याच काळात, २०१५ साली, अंदमानच्या समुद्रात हजारो रोहिंग्या बोटींवर अडकून पडले आणि एकही किनारा त्यांना घेईना, तेव्हा जवळजवळ ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या बाईंनी ‘रोहिंग्याज: फ्लोटिंग ऑन द डार्क सी’ केलं. तिथे पुन्हा काळं मोठं आहे. म्हणून शेवटचं दशक मी एका वाक्यात निकालात काढत नाही. २०११ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिकात भारताचं पहिलं अधिकृत दालन उभं राहिलं. मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे यांनी त्यात झरीना यांना बोलावलं. देशाचं नाव पाटीवर असलेल्या खोलीत सीमेची चित्रकार! पाठोपाठ लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि शिकागोला ‘पेपर लाइक स्किन’ हे सिंहावलोकन झालं. २५ एप्रिल २०२० रोजी लंडनमध्ये त्या वारल्या.

शेवटी छपाईबद्दल. पुढच्या पानांवरची सगळी चित्रं ऑफसेटवर छापलेली आहेत, म्हणजे मूळ छापाची ही छाप. काळ्याचा रंग जवळपास मिळाला आहे. पण लाकडाने कागद किती दाबला, पातळ कोझोची कड जाड कागदावर कुठे संपते, पत्रांच्या ओळी काळ्याखालून कशा वर येतात हे यात दिसणार नाही. ते हाताने, निदान तिरप्या उजेडात पाहावं लागतं. आकारही सारखे नाहीत. ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ची पानं मूळ मापाच्या जवळ ठेवली आहेत, बाकीची लहान केली आहेत आणि प्रत्येकाखाली मूळ माप दिलं आहे. होर यांच्या ‘वुंड्स’मधलं एकच चित्र घेतलं. समोरून प्रकाश टाकला की कॅमेऱ्याला तिथे कोऱ्या कागदाखेरीज काहीच सापडत नाही, आणि बाजूने टाकला की सावल्या इतक्या गडद येतात की मूळ चित्रात नसलेला काळा त्यात शिरतो. आम्ही दुसरा मार्ग पत्करला. पान पाहताना तो काळा वजा करून पाहावा.